कोकणच्या घरबागेतील चेनसॉ

कोकणात ज्याला ‘वाडी’ किंवा ‘आगर’ म्हणतात ती घराला लागून असलेली, जांभ्या दगडाच्या गडग्याने वेढलेली माड-पोफळींची बाग पिढ्यान्‌पिढ्या कोयता, कुऱ्हाड, पहार आणि दोर एवढ्या साधनांवर सांभाळली गेली. मोठे झाड आडवे करण्याचा प्रसंग क्वचित येत असे आणि तो आला की गावातला जाणता लाकूडतोड्या आपली माणसे व दोघांनी ओढायची मोठी करवत घेऊन हजर होत असे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा ही जुनी व्यवस्था एका दिवसात अपुरी पडली, कारण श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड आणि दापोली या तालुक्यांत एकेका वाडीतली कित्येक झाडे एकाच वेळी उन्मळून घरांवर, विहिरींवर, पाखाड्यांवर आणि विजेच्या तारांवर पडली होती, आणि कुऱ्हाड चालवणारे जाणते हात, जे मुळातच थोडे उरले होते, ते प्रत्येकाच्या दारी पोहोचणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी, १६ आणि १७ मे २०२१ रोजी, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यासमोरून गुजरातकडे सरकताना सिंधुदुर्गापासून रायगडपर्यंत पुन्हा तोच विध्वंस करून गेले. त्या दोन उन्हाळ्यांच्या दरम्यान, टाळेबंदीमुळे गावी परतलेल्या अनेक चाकरमान्यांच्या हातून, पेट्रोलवर चालणारी चेनसॉ, जिला गावात सरसकट ‘कटर’ म्हणतात, घरच्या पडवीत कुऱ्हाडीशेजारी येऊन बसली. यंत्र आले, पण ते निवडण्याचे, धरण्याचे आणि विशेषतः त्याला धार लावण्याचे ज्ञान त्या वेगाने आले नाही; किनारपट्टीवरच्या एका वाडीत तेव्हापासून हे यंत्र वापरताना प्रस्तुत लेखकाला जे शिकावे लागले, ते बहुतांशी या उणिवेच्या पोटीच शिकावे लागले.

चेनसॉ म्हणजे साखळीची करवत. एका चपट्या, लांबट पोलादी पट्टीच्या कडेने खाच असते, त्या पट्टीला ‘गाइड बार’ किंवा नुसते ‘बार’ म्हणतात, आणि त्या खाचेतून दातेरी साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर एवढ्या वेगाने फिरत राहते. या कल्पनेला प्रत्यक्ष यंत्राचे रूप देणाऱ्यांत जर्मनीतील स्टुटगार्ट येथील आंद्रेआस श्टील यांचे नाव अग्रभागी असून त्यांनी १९२६ साली तयार केलेली विजेवरची पहिली करवत ६४ किलो वजनाची होती व ती चालवायला दोन माणसे लागत. पेट्रोलवर चालणारी करवत त्यांनी १९२९ साली आणली. मात्र आज वापरात असलेल्या साखळीचा दात निराळ्या माणसाने घडवला. अमेरिकेतील ओरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणारे जोसेफ कॉक्स यांनी १९४६ साली एका बुंध्यात लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली, आणि ती तोंड डावी-उजवीकडे हलवत आडव्या व उभ्या अशा दोन्ही धाग्यांना सारख्याच सहजतेने चिरत जाते हे ध्यानात घेऊन तिच्या जबड्यासारखे, वळलेल्या कडेचे, आळीपाळीने डावे आणि उजवे असे दात साखळीवर बसवले. कोकणातील बागायतदाराला या हकिकतीत एक वेगळाच अर्थ दिसावा, कारण आंब्याच्या खोडात भोके पाडून भुसा बाहेर टाकणारा खोडकिडा आणि काजूचे खोड व मुळे पोखरणारा किडा हे दोन्ही भुंगेऱ्यांच्या याच कुळातले आहेत; ज्या अळीला तो तारेचा आकडा घालून ओढून काढतो व मारतो, तिच्याच नात्यातल्या अळीच्या जबड्याची नक्कल तो हातात धरून झाड कापत असतो.

निवडीच्या बाबतीत सर्वांत जास्त चूक होते ती आकाराची, आणि ती प्रस्तुत लेखकाकडूनही झाली. बाजारात ‘५८ सीसी, २२ इंची’ असे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेली यंत्रे सहज मिळतात, त्यांची किंमत नामांकित यंत्रांच्या मानाने बरीच कमी असते, आणि वादळाच्या आठवणी ताज्या असताना मोठे ते चांगले असा समज होणे स्वाभाविक असते. येथे सीसी म्हणजे इंजिनातील पिस्टन एका फेरीत जेवढी जागा व्यापतो तिचे घनफळ, आणि इंच म्हणजे बारची कापू शकणारी लांबी. अशा यंत्राचे वजन इंधनासह सात-आठ किलोंच्या घरात जाते. उन्हाळ्याच्या दमट हवेत ते अर्धा तास हाताळल्यावर मनगटे भरून येतात, आणि थकलेल्या हातातला लांब बार टोकाकडे झुकू लागतो, जे या यंत्राच्या बाबतीत सर्वांत घातक आहे. वाडीतल्या कामाचा नीट हिशेब घातला तर त्यात बहुतेक भाग पडलेल्या फांद्यांचे तुकडे करणे, वाळलेला माड सरपणासाठी कापणे, जुन्या आंब्याच्या माजलेल्या फांद्या उतरवणे आणि कुंपणाच्या शेवरी-पांगाऱ्यांची छाटणी करणे एवढाच असतो, आणि त्यासाठी ३५ ते ४५ सीसीचे इंजिन व १४ ते १६ इंचांचा बार पुरेसा होतो. माडाचे खोड बहुधा एवढ्या बारच्या आवाक्यात असते आणि त्याहून जाड बुंधा दोन्ही बाजूंनी काप घेऊन चिरता येतो. ज्या आंब्याच्या बुंध्याला दोन माणसांची कव लागते, तो घरच्या माणसाने पाडूच नये. त्यासाठी मोठा बार विकत घेणे म्हणजे तो पाडण्याचा मोह विकत घेणे होय.

खरेदीच्या वेळी इंजिनापेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते ते साखळीच्या तीन मापांकडे, कारण साखळी ही झिजणारी वस्तू आहे आणि पुढच्या वर्षी ती तालुक्याच्या गावी मिळेल की नाही यावर यंत्राचे आयुष्य अवलंबून असते. पहिले माप ‘पिच’, म्हणजे साखळीतल्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर निम्मे केल्यावर येणारी संख्या, जी लहान व मध्यम यंत्रांत सहसा ०.३२५ इंच किंवा तीन अष्टमांश इंच असते. दुसरे ‘गेज’, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी. आणि तिसरे त्या खालच्या कड्यांची एकूण संख्या. ही तिन्ही मापे बहुधा बारच्या मुळाशी कोरलेली असतात आणि ती वहीत लिहून ठेवली पाहिजेत, कारण दुकानदाराला ‘अठरा इंची साखळी द्या’ एवढेच सांगितले तर हाती येणारी साखळी बसेलच याची खात्री नसते. याखेरीज पुढच्या मुठीसमोरचा पंजाच्या आकाराचा ‘चेन ब्रेक’ पुढे ढकलताच साखळी जागच्या जागी थांबते का, साखळी तुटल्यास ती अडवणारा आकडा बारच्या मुळाशी आहे का, आणि मुठी व इंजिन यांच्यामध्ये कंप शोषणारे रबर किंवा स्प्रिंग आहेत का, हे दुकानातच पाहून घ्यावे. कंपाचा प्रश्न गौण वाटतो, परंतु वर्षानुवर्षे कंप सोसलेल्या लाकूडतोड्यांची बोटे गारठ्यात पांढरी पडून बधिर होतात, हा जगभर नोंदला गेलेला व्यवसायजन्य आजार आहे.

वीज, बॅटरी की पेट्रोल हा प्रश्न शहरालगतच्या बंगल्यात निराळ्या रीतीने सुटेल, आणि तेथे बॅटरीवरची हलकी करवत, जिचा आवाज कमी व देखभाल जवळजवळ नाही, हीच योग्य ठरेल. किनाऱ्यावर मात्र यंत्राची खरी गरज ज्या दिवशी लागते त्याच दिवशी वीज गेलेली असते, आणि निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत ती काही आठवडे आली नव्हती. म्हणून येथे पेट्रोलला पर्याय नाही, आणि पेट्रोलबरोबर त्याची शिस्तही स्वीकारावी लागते. हे इंजिन ‘टू-स्ट्रोक’ असते, म्हणजे त्यात वंगणासाठी तेलाची स्वतंत्र टाकी नसून पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टनला वंगण पुरवते. प्रमाण यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते व ते ५०:१ असल्यास एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, तर २५:१ असल्यास ४० मिलिलिटर तेल लागते. लेखकाच्या वाडीतले पहिले यंत्र शेजाऱ्याने मागून नेले असता त्यात स्कूटरसाठी आणलेले साधे पेट्रोल भरले गेले आणि पहिल्याच ओंडक्यावर पिस्टन आवळून बसला. दोष मागणाऱ्याचा नव्हता, कारण डब्यावर काही लिहिलेले नव्हते आणि देणाऱ्याने तोंडी सांगण्याचेही कष्ट घेतले नव्हते. तेव्हापासून मिश्रणाचा डबा वेगळ्या रंगाचा ठेवून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत त्या घरात पडली. या तेलांत मुद्दाम निळा, हिरवा किंवा लाल रंग घातलेला असतो, त्यामुळे मिश्रण झाले आहे की नाही हे पारदर्शक बाटलीत डोळ्यांनाही कळते.

यंत्र सुरू करण्यापूर्वी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे त्याची उसळी. बारच्या खालच्या कडेने साखळी यंत्राकडे येते, म्हणून खालच्या कडेने कापताना लाकूड यंत्राला पुढे ओढते. वरच्या कडेने ती दूर जाते, म्हणून त्या कडेने कापताना यंत्र अंगावर ढकलले जाते. आणि बारच्या टोकाचा जो वरचा चतुर्थांश भाग आहे तो एखाद्या फांदीला, दगडाला किंवा शेजारच्या ओंडक्याला अवचित टेकला, तर दात लाकडात अडकून साखळीचा सारा वेग बारला वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या मानेकडे व चेहऱ्याकडे भिरकावतो. ही क्रिया एवढ्या अल्प क्षणात घडते की माणसाला हात आखडून घ्यायलाही अवधी मिळत नाही, आणि म्हणूनच तिच्यापासूनचे संरक्षण आधीच उभे राहण्यात आणि धरण्यात असावे लागते. दोन्ही हातांनी धरावे, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळलेला असावा, डावे कोपर शक्यतो ताठ असावे, शरीर बारच्या रेषेत न ठेवता तिच्या डावीकडे ठेवावे आणि यंत्र खांद्याच्या वर कधीही उचलू नये. शिडीवर चढून किंवा माडावर कमरेला दोर बांधून एका हाताने कटर चालवणारी माणसे किनाऱ्यावर पाहायला मिळतात, त्यांच्या धाडसाचे कौतुकही होते. परंतु ते कौशल्य नव्हे, केवळ अजून अपघात झालेला नसतो, आणि घरच्या माणसाने त्याचे अनुकरण करणे सर्वथा गैर आहे. डोळ्यांवर जाळीचा पडदा असलेले शिरस्त्राण, कानांवर आवाज रोखणारे झाकण (या यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो), पायात जाड बूट आणि मिळाल्यास मांड्यांवर संरक्षक विजार हे किमान साहित्य होय. या विजारीत लांब धाग्यांचे थर भरलेले असतात, जे साखळी लागताच बाहेर ओढले जाऊन साखळी फिरवणाऱ्या चाकाभोवती गुंडाळतात आणि तिला थांबवतात. लुंगी, पंचा, गळ्यातला टॉवेल आणि पायातली चप्पल या चारही गोष्टी यंत्रापासून दूर ठेवल्या पाहिजेत.

उभे झाड पाडण्यापेक्षा वादळाने पडलेले झाड कापणे अधिक अवघड असते, हे अनेकांना पटत नाही, कारण पडलेले झाड निवांत दिसते. वस्तुतः त्याच्या प्रत्येक फांदीत वाकवलेल्या कमानीसारखा जोर साठलेला असतो. गडग्यावर एक टोक आणि जमिनीवर दुसरे टोक टेकून मधे अधांतरी राहिलेल्या खोडात वरच्या बाजूचे धागे दाबलेले व खालच्या बाजूचे ताणलेले असतात. अशा वेळी वरून सरळ कापत गेले तर काप मिटत जाऊन बार चिमटीत सापडतो, म्हणून प्रथम वरून सुमारे एक तृतीयांश काप घेऊन मग उरलेला काप खालून वर न्यावा लागतो. याउलट एक टोक पक्के आणि दुसरे हवेत लोंबणारे असेल तर ताण वर आणि दाब खाली असतो, आणि काप आधी खालून व नंतर वरून घ्यावा लागतो. हा क्रम चुकला तर फांदी अर्धी कापली जाताच उभी चिरत बुंध्याकडे जाते आणि तिचे फळकूट कापणाऱ्याच्या अंगावर येते. दाब आणि ताण कोठे आहेत हे ओळखण्यासाठी यंत्र बंद ठेवून झाडाभोवती एक फेरी मारणे, फांद्या कशावर टेकल्या आहेत ते वाकून पाहणे आणि पहिला काप सुटल्यावर काय हलेल याचा अंदाज घेणे, यात दहा-पंधरा मिनिटे जातात; जुना लाकूडतोड्या बिडी ओढत झाडाकडे पाहत बसलेला दिसत असे, तेव्हा तो हेच काम करत असे. कुऱ्हाडीने कापताना प्रत्येक घावानंतर झाड काय करते ते कळायला वेळ मिळत असे, आणि चेनसॉने नेमका हाच वेळ काढून घेतला असल्याने तो आता कापण्यापूर्वी मुद्दाम द्यावा लागतो.

मुळांसकट उन्मळलेल्या आंब्या-फणसाच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. मातीसह वर उचलला गेलेला मुळांचा गड्डा खोडाच्या वजनाने आडवा रोखून धरलेला असतो, आणि खोड बुंध्यापाशी कापून वेगळे होताच तो गड्डा आपल्या वजनाने परत खड्ड्यात उभा राहू शकतो. या खड्ड्यात कुतूहलाने उतरलेली मुले, किंवा मुळे तोडण्यासाठी उतरलेला गडी, यांना तेथून बाहेर काढल्याशिवाय बुंध्याजवळचा काप सुरू करू नये, आणि काप गड्ड्यापासून थोडे अंतर ठेवून घ्यावा. झाड विजेच्या तारेवर किंवा तारेच्या जवळ पडले असेल तर तार मेलेली दिसते म्हणून ती मेलेली समजू नये. महावितरणच्या कर्मचाऱ्याने पुरवठा बंद असल्याचे प्रत्यक्ष सांगेपर्यंत झाडाला हातही लावू नये, कारण शेजारच्या घरातले जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीच्या जोडणीमुळे त्याच तारेत उलटी वीज सोडू शकते.

उभे झाड पाडण्याची पद्धत ग्रंथांतून सर्वत्र सारखीच सांगितलेली आढळते: ज्या दिशेला पाडायचे त्या बाजूला व्यासाच्या एक पंचमांश ते एक चतुर्थांश खोलीची पाचरीच्या आकाराची खाच काढायची, मग विरुद्ध बाजूने खाचेच्या तळापेक्षा किंचित वरून काप आणायचा, आणि दोन्हींच्या मधे व्यासाच्या सुमारे एक दशांश जाडीची लाकडाची पट्टी न कापता ठेवायची, जी दाराच्या बिजागरीसारखी झाडाला दिशा देत खाली उतरवते. ही पद्धत साग किंवा ऐन यांसारख्या भरीव झाडांना लागू पडते. माडाचे मात्र तसे नाही, कारण माड हा ताड-पोफळींच्या वर्गातला असल्याने त्याच्या खोडात वार्षिक वलये नसतात, बाहेरची साल व तिच्यालगतचा भाग लोखंडासारखा कठीण असतो आणि आतला गाभा भुसभुशीत असतो, त्यामुळे मधली बिजागरी भरवशाची होत नाही. शिवाय शेंड्यावर झावळ्यांचा आणि नारळांचा भार असल्याने थोडा कलही मोठा ठरतो. घराजवळचा उभा माड दोर लावून, शेंड्याकडून तुकड्यांनी उतरवणाऱ्या अनुभवी माणसाकडूनच काढून घ्यावा. जुन्या आंब्याच्या बुंध्यात ढोली असते आणि ती बाहेरून दिसेलच असे नाही; कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंध्यावर ठोकले असता आवाज पोकळ आला तर बिजागरीचा भरवसा तेथेही सोडावा लागतो. फणसाचा चीक बार आणि साखळीला गोंदासारखा चिकटतो, तेव्हा फणस चिरताना हाताला तेल लावतात तशी येथेही काम संपताच रॉकेलच्या फडक्याने पुसण्याची तजवीज ठेवावी.

या सर्व विवेचनात धार हा विषय उशिरा आला असला तरी अनुभवाने तो सर्वांत वरचा ठरतो. धारदार साखळी आपल्या वजनाने लाकडात उतरते आणि तिच्यामागे पडणारा भुसा जाडसर, ढलप्यांच्या रूपात असतो. बोथट साखळी पिठासारखा बारीक भुसा काढते, कापाच्या कडा काळवंडतात, धुराचा वास येतो आणि माणूस नकळत यंत्रावर भार टाकू लागतो. या भार टाकण्यातूनच घसरणे, टोक टेकणे आणि तोल जाणे हे अपघातांचे प्रकार उद्भवतात, आणि इंजिनाचा क्लचही त्यानेच जळतो. धार जायला फार काही लागत नाही: साखळी एकदा मातीला टेकली किंवा जांभ्याच्या दगडाला घासली तरी पुरते, समुद्राकाठच्या झाडांच्या सालीत वाऱ्याने बसलेली वाळू तेच काम सावकाश करते, आणि कित्येक वर्षांपूर्वी कपडे वाळत घालण्यासाठी ठोकलेला खिळा किंवा कुंपणाची झाडाने गिळलेली तार एका क्षणात सगळे दात उडवते. म्हणून कापण्यापूर्वी सालीवरची माती-वाळू कोयत्याने खरवडून काढावी, ओंडक्याखाली लाकडाचे ठोकळे सरकवावेत, आणि जमिनीवर पडलेला ओंडका वरून दोन तृतीयांश कापून मग पहारीने उलटवून उरलेला कापावा.

धार लावण्यासाठी गोल कानस लागते, आणि तिचा व्यास साखळीच्या पिचनुसार ठरलेला असतो: ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटर, तर लहान यंत्रांवरच्या तीन अष्टमांश इंची बुटक्या साखळीला ४ मिलिमीटर. बार एखाद्या ओंडक्याच्या खाचेत किंवा सुताराच्या शिकंजात घट्ट बसवावा, सर्वांत झिजलेला दात शोधून त्यापासून सुरुवात करावी, आणि दातावर कोरलेल्या तिरप्या रेषेला, जी बहुधा ३० अंशांची असते, समांतर राहून कानस आतून बाहेर अशा एकाच दिशेने ढकलावी. परत आणताना ती उचलून आणावी, कारण घासत मागे ओढल्याने कानसही मरते आणि धारही. एका बाजूचे सर्व दात पूर्ण करून मग दुसरी बाजू घ्यावी आणि प्रत्येक दाताला सारखेच फटके द्यावेत, एकाला तीन तर सगळ्यांना तीन. प्रस्तुत लेखकाचा पहिल्या वर्षीचा अनुभव असा की करवत दर वेळी उजवीकडे वळून जाई आणि ओंडक्याचा काप कमानदार येई, आणि त्याचे कारण बारमध्ये शोधण्यात बराच काळ गेला. कारण प्रत्यक्षात हातात होते, उजव्या हाताच्या माणसाला एका बाजूचे दात सहज घासता येतात व दुसऱ्या बाजूचे अवघडून, त्यामुळे एक बाजू लांब आणि दुसरी आखूड होत गेली होती. प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो, तो दात एका वेळी किती खोल उतरेल हे ठरवतो; दात झिजत जातो तसा हा उंचवटा तुलनेने उंच राहतो आणि धार असूनही साखळी लाकूड धरेनाशी होते, म्हणून चार-पाच वेळा कानस फिरवल्यावर मापाची पट्टी ठेवून चपट्या कानशीने तो दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली राहील एवढा घासावा लागतो. यापेक्षा जास्त घासला तर साखळी अधाशीपणे लाकूड धरते आणि उसळीचा धोका वाढतो. पेट्रोलची टाकी रिकामी झाली की थांबून दोन-दोन फटके द्यावेत, ही सवय लागली तर धार लावणे हे वेगळे काम राहत नाही, आणि गावातल्या ग्राइंडरवर, जेथे दात निळे पडेपर्यंत तापवून त्यांचे पाणीच घालवले जाते, साखळी नेण्याची वेळ येत नाही.

उरलेली निगा थोडक्यात सांगता येते. बारसाठीचे तेल वेगळ्या टाकीत असते व ती टाकी पेट्रोलच्या एका टाकीबरोबर साधारण संपेल अशा बेताची असते, म्हणून दोन्ही एकाच वेळी भराव्यात; मोटारीतून काढलेले जळके ऑइल वापरण्याची पद्धत सर्रास असली तरी त्यातले धातूचे कण बार आणि पंप दोन्ही खातात. बारचे टोक फिकट रंगाच्या खुंटासमोर धरून यंत्र वेगात फिरवले असता त्यावर तेलाच्या थेंबांची रेघ उमटली पाहिजे, न उमटल्यास तेलाचे भोक भुशाने बुजले आहे असे समजावे. साखळी एवढी ताणलेली असावी की ती बारच्या खालच्या कडेला चिकटून राहील आणि तरीही हातमोज्याने ओढता येईल. काम संपल्यावर ती सैल करून ठेवावी, कारण गरम साखळी थंड होताना आकसते. बार दर वेळी उलटा बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. माडाचा तंतुमय भुसा झाकणाआड गच्च बसतो आणि एअर फिल्टर गुदमरवतो, म्हणून माड कापल्यावर दोन्ही उघडून ब्रशने साफ करावेत. पावसाळ्यात यंत्र ठेवण्यापूर्वी टाकीतले मिश्रण काढून टाकून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतली ओल ओढते आणि कार्बोरेटरचे नाजूक पडदे कडक करते. साखळी तेलाच्या डब्यात बुडवून आणि कानस तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवावी, नाही तर कोकणच्या हवेत दोन्हींवर श्रावणापूर्वीच तांबेरा चढतो.

यंत्र हाती आहे म्हणून प्रत्येक झाड कापायचे असते असे नाही, आणि कायदाही ते मानत नाही. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, ऐन, किंजळ, खैर अशी वाडीत व बांधावर नेहमी आढळणारी झाडे आहेत आणि ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते. नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. वादळात पडलेल्या झाडांचा पंचनामा होण्याआधी त्यांचे ओंडके रचले गेले तर नुकसान सिद्ध करणे कठीण जाते, म्हणून रस्ता आणि छप्पर मोकळे करण्यापुरतेच कापावे आणि बाकीच्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. जिवंत झाडाची फांदी उतरवताना प्रथम बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून पूर्ण काप, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेरून कापावा, म्हणजे साल सोलली जात नाही. त्या जखमेला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी, अन्यथा उघड्या जखमेतून बुरशी शिरते आणि पाठोपाठ खोडकिडाही येतो. जुन्या आंब्याच्या फांद्या अशा रीतीने उतरवून त्याला नवी पालवी आणणे, ज्याला बागायतीत पुनरुज्जीवन म्हणतात, हे या यंत्राचे वाडीतले सर्वांत चांगले काम आहे.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरी चेनसॉ असण्याची आवश्यकता नाही. एका वाडीत ती वर्षातले जेमतेम आठ दिवस चालते आणि उरलेला काळ गंज खात पडते. प्रत्येक ग्रामपंचायतीने दोन चांगली यंत्रे, चार साखळ्या, शिरस्त्राणे आणि कानशी एकत्र ठेवून गावातल्या चार-पाच माणसांना ती वापरण्याचे व धार लावण्याचे शिक्षण द्यावे, अशी येथे आग्रहाची विनंती आहे. ज्यांच्या घरी यंत्र आधीच आहे त्यांनी ते एप्रिल संपण्यापूर्वी बाहेर काढून, ताजे मिश्रण भरून, साखळीला कानस फिरवून एखाद्या वाळक्या ओंडक्यावर चालवून पाहावे. निसर्ग वादळ ३ जूनला आले होते, आणि तौक्ते त्याहीपेक्षा अडीच आठवडे आधी.